बारकीच्या चाळीस जोड्या

बारकी माझी सख्खी धाकटी बहीण आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिचं जे कौतुक करणार आहे ते ऐकून कुणीतरी म्हणेलच, हा माणूस भाऊ असल्यासारखा बोलतोय. तर हो, आहेच. सख्खा, मोठा आणि एकुलता एक. तिच्या बाबतीत मला तोलूनमापून बोलता येत नाही, आणि या वयात शिकायचंही नाही.

मी सुतार. आठवीत शाळा सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आई आणि मास्तर यांचं एकमत कधी झालं नाही. पण आमच्या आसपासच्या चार गल्ल्यांत कुठलंही दार उघडून बघा. करकरलं नाही तर समजा मी बसवलंय. करकरलं तर दुसऱ्या कुणीतरी.

बारकी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लहानपणी आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच बाबांचं दुकान. ती बाबांच्या कामाच्या टेबलाखाली बसायची, भुशात पाय घालून, आणि बाबांची ती जाड चपटी पेन्सिल घेऊन फळ्यांवर लिहायची. बाबा काही बोलायचे नाहीत. एकदा औषधवाल्यांचं कपाट करून दिलं. वर्षभरानं औषधवाले दुकानात आले आणि म्हणाले, "अहो, कपाट झकास आहे. पण आत मागच्या फळीवर सात आठे चोपन्न लिहिलंय. माझी मुलगी तेच पाठ करून बसली. शाळेत मार खाऊन आली."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. बारकी नाही हसली. ती तेव्हा आठ वर्षांची. पेन्सिल उचलली, फ्रॉकला पुसली आणि औषधवाल्यांच्या मागे चालायला लागली. बाबा म्हणाले, "अगं, मी जातो उद्या, खोडून येतो." तर म्हणते, "चूक माझी आहे. तुम्ही का खोडणार?" गेली, कपाटात डोकं घातलं, छप्पन्न केलं, आणि वर त्या मुलीला सातचा पाढा म्हणायला लावून मगच परत आली. तेव्हाच मी बाबांना म्हटलं होतं, ही मास्तरीण होणार. बाबा नुसते रंधा मारत राहिले. पण मी म्हटलं होतं.

झाली. शिक्षिकेच्या परीक्षेत पहिल्या वेळी एका विषयात गटांगळी खाल्ली. रडली बिडली नाही. फक्त मैत्रिणीकडून आणलेली पुस्तकं परत दिली नाहीत. पुढच्या वर्षी पास. आता बारा वर्षं झाली, चढावरच्या शाळेत दुसरीचा वर्ग तिच्याकडे आहे. उंची इतकी की फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर बारा वर्षांत खडू लागलेला नाही. मी तिला एक पाट करून दिलाय उभं राहायला. लग्न होऊन मागच्याच गल्लीत गेली, त्यामुळे गेल्यासारखी कधी वाटलीच नाही. शाळा सुटली की रोज माझ्या दुकानात येते, रंध्याच्या सालींतून वाट काढत, आणि उभ्यानं चहा पिऊन घरी जाते.

आता मुद्द्याचं. या वर्षी तिच्या वर्गात बत्तीस मुलं. त्यातली अकरा अडकलेली. अक्षरं सगळी येतात, दोन अक्षरी शब्द येतात, तीन अक्षरी धडपडत येतात. पण लांब शब्द दिसला की पोरं थांबतात. एक एक अक्षर बोट लावून म्हणतात आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर पहिलं विसरतात. त्यात एक मुलगी होती, सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती सरळ चालतच नाही. तिचा बाप हातगाडीवर कांदेबटाटे विकतो. एक मुलगा, कानावर पेन्सिल अडकवून बसणारा, त्याचं नाव पडलं कारकून. आणि एक मुंगी. इतकी हळू बोलायची की मुंगीच बरी.

शाळेत नियम असा की सहामाहीला तपासणीसाहेब येतात. प्रत्येक दुसरीच्या मुलापुढे न पाहिलेलं पान ठेवतात. दोन मिनिटं. आठातल्या पाच ओळी वाचता आल्या तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून पहिलीत, खालच्या मजल्यावर, त्या पिटुकल्यांबरोबर. बारकी म्हणायची, "दादा, एकदा खाली पाठवलेलं मूल मी अजून वर आलेलं बघितलं नाही. शरीर येतं वर. मूल खालीच राहतं."

तपासणीला तीन आठवडे उरले होते. शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा तिसरीच्या बाई तिला म्हणाल्या, "जाऊ दे गं. किती जीव काढशील? काही डोक्यांत भुसाच असतो."

बारकी म्हणाली, "भुसा आमच्या घरचाच माल आहे, बाई. त्याचं काय करायचं ते मला विचारा."

मला हे तिनं नाही सांगितलं. शिपाईकाकांनी सांगितलं. मी तेव्हापासून पंचवीस जणांना सांगितलंय.

त्या दिवशी ती दुकानात आली, चहा हातात घेतला, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी एका दाराच्या चौकटीचा कोपरा बसवत होतो.

"दादा, तू नवीन माणसाला काय सांगतोस? मोठं कपाट मोडायला घेतलं की?"

"सांधा शोध म्हणतो. कपाटाला घाबरायचं नाही. सांधा सापडला की ते दोन फळ्या होतं."

"हां," ती म्हणाली. "मला तेच पाहिजे."

आणि मग तिनं समजावलं. लांब शब्द हा पुष्कळदा दोन छोट्या शब्दांचा सांधा असतो. कानटोपी बघून पोरगं घाबरतं, पण कान त्याला येतो, टोपी त्याला येते. मधमाशी, पायवाट, बैलगाडी, रानफूल, हातरुमाल. तिला लाकडी ठोकळे हवे होते. एका ठोकळ्यावर कान, दुसऱ्यावर टोपी. मुलांनी ते जोडायचे, मोडायचे, पुन्हा जोडायचे. म्हणजे पुढे कागदावर लांब शब्द दिसला की डोळा आपोआप सांधा शोधेल. कल्पना तिची. पण वाक्य माझं, हे लक्षात ठेवा.

"साधे कर हं दादा," ती म्हणाली. "चाळीस जोड्या. शोभा नको."

आता मला सांगा, चढावरच्या शाळेत, माझ्या बहिणीच्या वर्गात माझं काम जाणार. सगळ्या बाया बघणार, मोठ्या बाई बघणार, आईबाप बघणार. मी साधं करू? कामाला लागलो. दोन गिऱ्हाइकांना दारं पुढल्या आठवड्यात म्हणून सांगितलं. चांगल्या लाकडाचे तुकडे निवडले, तळहाताएवढे कापले, पॉलिशपेपर मारून असे गुळगुळीत केले की गालाला लावावेत. आणि सांधे! चाळीस जोड्या, चाळीस सांधे, एकासारखा दुसरा नाही. एकाला गोल जीभ, दुसऱ्याला चौकोनी, तिसऱ्याला कबुतराच्या शेपटीसारखी पसरट, कुठे दुहेरी, कुठे तिरकी, एकाला पायऱ्यापायऱ्यांची. प्रत्येक ठोकळा त्याच्या एकाच जोडीदारात बसणार, टक् असा आवाज करून. दुसऱ्या कुठल्याही ठोकळ्याला लावा, आत जाणार नाही. बाबा असते तर म्हणाले असते... जाऊ दे. बाबा काही म्हणायचेच नाहीत. पण हातात घेऊन फिरवून फिरवून बघितले असते.

बायको म्हणाली, "नणंदबाईंनी साधे सांगितले होते ना?"

"साधं कुणालाही येतं," मी म्हटलं.

बारकीनं बघितले, थोडी थबकली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसली आणि म्हणाली, "किती सुंदर केलेस रे." काळ्या रंगानं तिनं त्यावर शब्द लिहिले आणि घेऊन गेली.

आणि पोरं सुटली! पहिल्या दिवशी निम्म्या जोड्या लागल्या. चौथ्या दिवशी ती अकरा मुलं टकाटक टकाटक चाळीसच्या चाळीस लावायची, आणि प्रत्येक जोडी लागली की शब्द मोठ्यानं म्हणायची. मधमाशी! कानटोपी! मोठ्या बाई बघून गेल्या. तिसरीच्या बाईंनी विचारलं, असे मलाही मिळतील का. मी चहाच्या टपरीवर सांगितलं की अकरा मुलांना वाचायला शिकवलंय, थोडं बहिणीनं आणि थोडं मी. टपरीवाला म्हणाला, "तुम्ही आठवी ना?" मी म्हटलं, "म्हणूनच. दहावीवाल्याला जमलं नसतं."

तपासणीआधीचा शुक्रवार. मी वर्गाच्या खिडकीची बिजागरी बदलायला शाळेत गेलो होतो. बोलावलं होतं एका बिजागरीसाठी, मी तिन्ही बदलत होतो, म्हणजे जरा वेळ थांबता येईल. तोंडात दोन स्क्रू, कान वर्गात.

बारकीनं त्या दिवशी ठोकळे कपाटात ठेवले आणि फळ्यावर लिहिलं, हातगाडी. भिंगरीला उभं केलं.

भिंगरीनं वाचलं, "हा... त..." आणि थांबली.

"सांधा शोध बरं. पहिला शब्द कुठला?"

"हात." मग बोटानं पुढची अक्षरं मोजून, "गाडी."

"शाब्बास! मग काय झालं?"

भिंगरीनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघितली. मग मान हलवून म्हणाली, "बाई, असं नसतं."

"काय नसतं?"

"हात रुमालाला बसतो. गाडी बैलाला बसते. हात गाडीला बसत नाही. मी करून बघितलंय. नाही बसत."

त्या अकरातली बाकीची दहाही माना डोलावत होती. हो बाई, नाही बसत. आम्हीपण बघितलं.

ज्या मुलीचा बाप रोज सकाळी हातगाडी ढकलत घराबाहेर पडतो, जी स्वतः त्या गाडीवर बसून लहानाची मोठी झाली, ती सांगत होती की हातगाडी नसते.

बारकी वळली. कपाट उघडलं, ऐंशी ठोकळे जमिनीवर ओतले आणि सगळे उलटे केले, अक्षरं खाली. "आता लावा," म्हणाली.

पोरं बसली. टक्, टक्, टक्. एक अक्षर दिसत नव्हतं, आणि पाच मिनिटांत चाळीसच्या चाळीस जोड्या तयार. नुसत्या जिभा आणि खाचा बघून. आणि प्रत्येक जोडीला शब्दही बरोबर म्हणत होती. गोल जीभ, मधमाशी. पायऱ्यापायऱ्या, पायवाट. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. खरं सांगतो, तोंडातले स्क्रू काढून म्हटलं, "वा! न बघता!"

मग मी बारकीचं तोंड बघितलं, आणि स्क्रू परत तोंडात घातले.

संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा ठोकळ्यांची पिशवी बरोबर होती. पिशवी टेबलावर ठेवली. चहाला हात लावला नाही.

"दादा, यांना सगळ्यांना सरळ काप. जिभा नकोत, खाचा नकोत. नुसती सपाट कड."

"वेडी झालीस?"

"मुलं शब्द वाचतच नाहीयेत. तुझं लाकूड वाचतायत."

"म्हणजे माझं काम इतकं चांगलं झालंय की तीच माझी चूक!"

"चूक माझीही आहे. बघितले तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुझं तोंड बघून मी गप्प बसले. सहा दिवस राहिलेत. काप."

मी म्हटलं, "सपाट कडेचे ठोकळे म्हणजे विटा. त्या जोडल्या जात नाहीत, शेजारी ठेवल्या जातात. माझ्या दुकानातून असलं काम बाहेर जात नाही. आणि माझ्याच हातच्या कामावर मी करवत चालवू? तीन दिवस घातलेत मी त्यात. दोन गिऱ्हाइकं रुसलीत माझ्यावर."

"बरं," ती म्हणाली. भिंतीवरची लहान करवत काढली, पहिला ठोकळा पकडीत घातला आणि कापायला लागली.

बारकी फळ्यावर कशी लिहिते ते जाऊन बघा, डोळ्याचं पारणं फिटेल. पण करवत! लाकूड रडत होतं. कड अशी तिरकी निघाली की बघवेना. दुसरा घेतला. त्याहून वाईट. बोटाला लागलं, तोंडात घातलं, पुन्हा कापायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "बघत काय उभे राहिलात? असे वाकडे ठोकळे शाळेत गेले की लोक विचारतील, कुठल्या सुताराचे."

पाच ठोकळे होईपर्यंत मी धीर धरला. सहाव्याला करवत हातातून घेतली. "सर बाजूला. गुण्या लावून काटकोन बघितल्याशिवाय कुणी कापतं का?"

शनिवार आणि रविवारची सकाळ त्यात गेली. एकेक सांधा कापताना मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. त्या जिभांचे तुकडे खाली पडत होते आणि बायको मुकाट्यानं झाडत होती. पण सगळं झाल्यावर मी एक केलं, ते मात्र बारकीनं सांगितलं नव्हतं. लांब पट्टी घेतली, तिला मधोमध खोबण पाडली, अशी की कुठलाही ठोकळा तिच्यात उभा राहील, कुठलाही त्याच्या शेजारी सरकेल. अशा अकरा पट्ट्या. बारकीनं एक हातात घेतली, दोन ठोकळे सरकवून बघितले. म्हणाली, "हे मला सुचलं नसतं."

हे वाक्य तिनं बायकोसमोर म्हटलंय. साक्षीदार आहे.

सोमवारी वर्गात रडारड. ठोकळे मोडले म्हणून कारकून रुसला, हाताची घडी घालून बसला. कुठलाही ठोकळा कुठेही बसतोय म्हटल्यावर पोरांना कळेना की बरोबर कुठलं. एकानं बैल आणि टोपी जोडली. बारकी म्हणाली, "वाच. काय झालं?"

"बै... ल... टोपी. बैलटोपी!"

"असते का?"

वर्ग फुटला हसून. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, शिंगांना भोकं पाडावी लागतील!"

ती मुद्दाम हसू द्यायची. कारण हसायला आधी वाचावं लागतं. मग पोरं वेडंवाकडं जोडायला चढाओढीनं भिडली. कानगाडी. मधरुमाल. पायमाशी. प्रत्येक वेळी बारकीचं तेच, वाच, असते का, आणि पोरांना विचार करून सांगावं लागायचं. कारकुनानं शेवटी हाताची घडी सोडली, घर घेतलं, माशी घेतली, पट्टीत सरकवली आणि विजयानं ओरडला, "घरमाशी! नसते!"

"असते," बारकी म्हणाली. "ती बघ तुझ्या वहीवर बसलीय."

भिंगरीनं मात्र दीड दिवस हात लिहिलेल्या ठोकळ्याला हात लावला नाही. मंगळवारी दुपारी ती हात घेऊन पट्टीपाशी बसली, गाडी उचलली, आणि अगदी हळू सरकवली, जणू ती अडणार. अडली नाही. तिनं वाचलं, मनात. मग उठली, बारकीच्या पाटापाशी जाऊन तिचा पदर ओढला.

"बाई. बसली."

"काय बसली?"

"आमची हातगाडी."

त्यानंतर ती पोरगी थांबेना. हातमोजे, हातपंप, हातकाम. ठोकळे संपले तर कोऱ्या कागदाचे तुकडे करून आणायची. बुधवारपर्यंत त्या अकरांनी साठच्या वर शब्द केले होते. बारकी शाळा सुटल्यावर तासभर त्यांना थांबवायची. तिचा आवाज इतका बसला की घरी आल्यावर बोलायला लागली की नुसती हवा यायची. मी म्हटलं, बारा वर्षांत पहिल्यांदा तू माझं ऐकून घेणार. तिनं खुणेनं सांगितलं, गप्प बस.

गुरुवारी साहेब आले. उंच, चष्म्याला दोरी, हातात घड्याळ. मी खिडकीबाहेर होतो. चौथी बिजागरी नव्हती, पण मी रंध्यानं खिडकीचा काठ तासत होतो.

साहेबांनी पानं वाटली. पानावर एका झाडाची आणि त्यावर चोच मारणाऱ्या पक्ष्याची गोष्ट. शपथ घेऊन सांगतो, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. भिंगरीनं तीन ओळी संथ वाचल्या आणि चौथीत अडली. मला तिचं बोट दिसत होतं. बोट शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून शेवटाकडे गेलं नाही, मधे जाऊन थांबलं.

"सुतार," ती म्हणाली. मग, "पक्षी. सुतारपक्षी."

माझा रंधा हातातून सुटून बाहेरच्या फरशीवर पडला. साहेबांनी खिडकीकडे बघितलं. मी खाली बसलो.

अकरांतले नऊ वाचून गेले. मुंगीनं साहेबांचा चेहरा बघून तोंडच उघडलं नाही. आणि कारकून वाचत होता, बरोबर वाचत होता, प्रत्येक सांध्यापाशी थांबून विचार करून पुढे जात होता, पण घड्याळ वाजलं तेव्हा तो तिसऱ्या ओळीवर होता.

बारकी तिच्या त्या बसलेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, महिन्यापूर्वी हा एक ओळ वाचत नव्हता."

"बाई, मी ओळी मोजतो. महिने नाही." वाईट माणूस नव्हते ते. पानावर खूण केली, मोठ्या बाईंना म्हणाले, "दोन राहिले. उद्या सकाळी यादी लावा, पहिलीत बसवा." आणि गेले.

संध्याकाळी मी दुकानात सगळ्यांना चहा सांगितला. टपरीवाला, शिपाईकाका, शेजारचा शिंपी. "अकरातले नऊ!" मी म्हटलं. "कुणी केलंय आजपर्यंत? सांगा, कुणी केलंय?" शिंप्यानं टाळी दिली. बारकी आली, पेला हातात घेतला, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "अकरातले नऊ म्हणजे दोन राहिले, दादा." पेला तसाच ठेवून निघून गेली.

मला राग आला. मग लगेच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातात काही हत्यार न घेता शाळेत गेलो. यादी दुसरीच्या वर्गाच्या दारावर लावलेली होती, दोन नावं. कारकून आणि मुंगी दप्तरं घेऊन वर्गात होते, आपापल्या जागेवर, कारण बारकीनं त्यांना तिथेच बसवलं होतं. मोठ्या बाई जिना चढून आल्या, पहिलीच्या बाईंना घेऊन. बारकी दारात उभी राहिली. पाटावर नाही, जमिनीवर. मोठ्या बाईंच्या खांद्याला लागेल एवढी.

"नावं यादीत आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आहेत. तुम्हाला पंधरा दिवसांत फेरतपासणी मागता येते. मागा."

"मी कधी मागितलेली नाही. साहेबांना ते आवडत नाही."

"माझ्या नावानं मागा. लिहून देते. पंधरा दिवसांत नाही वाचलं तर मी स्वतः यांचा हात धरून खाली नेते."

कागद तिच्या हातात तयारच होता. मोठ्या बाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. आत बघितलं. मुंगी बाकाखाली तोंड घालून बसली होती, कारकून सरळ त्यांच्याकडे बघत होता. पहिलीच्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडे तशीही जागा नाही हो." मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली, मग दारावरची यादी काढली, घडी करून वहीत ठेवली.

"पंधरा," म्हणाल्या. "सोळावा नाही."

"सोळावा नको," बारकी म्हणाली.

आणि माझ्याकडे न बघता, माझ्या तोंडावर वर्गाचं दार लावून घेतलं. ते दार मीच बसवलंय, त्यामुळे आवाज आला नाही. आतून फक्त तिचा फाटका आवाज ऐकू आला. "मुंगे, वर बघ. वह्या काढा."